पाठीच्या वरच्या भागाचे जुने दुखणे : ऑपरेशनशिवाय काय करता येते?



बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूर व आजूबाजूच्या गावांत पाठीला वर्षभर उसंत नसते. आधी मूग, उडीद, सोयाबीनची खुरपणी, मग पाठीवर फवारणीचा पंप, पुढे सोयाबीनची व तुरीची कापणी आणि शेवटी ज्वारीची काढणी. बायामाणसांच्या डोक्यावर घागर आणि कडब्याच्या पेंढ्या असतात त्या वेगळ्याच. मग दोन फऱ्यांच्या मध्ये ठणकू लागते, मान वळवली की ओढ बसते. असे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले तर ते जुने दुखणे समजावे.

दुखते कशामुळे?

मानेखालच्या १२ मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. त्यामुळे हा भाग घट्ट असतो आणि कंबरेच्या मानाने येथे चकती सरकण्याचे प्रमाण फारच कमी असते. बहुतेकांचे दुखणे स्नायूंचे असते. वाकून खुरपताना मान पुढे झुकते आणि डोक्याचा भार मानेच्या व फऱ्यांच्या स्नायूंना तासन् तास तोलून धरावा लागतो. १६ लिटरचा भरलेला पंप स्वतःच्या वजनासह २० किलोच्या आसपास जातो. तो भार खांद्यांवरच्या दोन पट्ट्यांवर येतो. अशा दुखण्याला सहसा ऑपरेशन लागत नाही.

ही लक्षणे असतील तर थांबू नका

सगळेच दुखणे कामाचे नसते. मणक्याचा क्षय, म्हणजे टीबी, पाठीच्या याच भागात बरेचदा होतो. त्यात खोकला असेलच असे नाही. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, विश्रांती घेऊनही न थांबणारे रात्रीचे दुखणे, मणक्यावर एका जागी दाबल्यास कळ किंवा तेथे आलेला उंचवटा, यांपैकी काही असेल तर मालीश बंद करा आणि डॉक्टर गाठा. साध्या एक्स-रेमध्ये हा रोग सुरुवातीला दिसेलच असे नाही. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर टाळू नका.

वेळेवर सापडला तर हा क्षय बहुधा औषधांनीच बरा होतो. औषधे साधारण वर्षभर, डॉक्टर सांगतील तोपर्यंत घ्यावी लागतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. उपचार चालू असताना आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून पैसे मिळतात. एप्रिल २०१८ मध्ये ही मदत दरमहा ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली. उशीर झाला तर मात्र मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात.

पायांत अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, किंवा छातीत दाटून घाम येत पाठीत कळ, असे झाले तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. शेवटचे लक्षण हृदयविकाराचेही असू शकते. म्हाताऱ्या बाईला साधे ओझे उचलल्यावर एकाएकी कळ आली तर ठिसूळ मणका दबला असण्याचा संभव असतो.

उपायांची पारख

शेक : गरम पाण्याची पिशवी १५ ते २० मिनिटे, मध्ये कापड ठेवून. स्वस्त आणि निर्धोक.

मालीश : हलक्या हाताने आराम पडतो, पण तो थोड्या वेळाचा असतो. मणक्यावर पाय देऊन तुडवू नये, मानेला झटका देऊ नये. डाग तर मुळीच देऊ नये. त्याने जखम होते, दुखणे जात नाही.

गोळ्या : वेदनाशामक गोळी चार दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठीक. महिनोन् महिने घेतली तर जठरात व्रण पडतो आणि मूत्रपिंड बिघडते. कसली आहे ते न सांगता दिलेली पुडी किंवा सुई घेऊ नये. तीत स्टिरॉइड असू शकते, आणि त्याने साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात.

पट्टा : जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये कंबरेच्या जुन्या दुखण्याबद्दल मार्गदर्शन दिले. त्यात व्यायामाला स्थान आहे. पट्टा व वजन लावून ताण देणे मात्र नेहमीच्या उपचारात नको असे म्हटले आहे. वरच्या पाठीलाही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अंथरुण : एक-दोन दिवस पुरे. जास्त पडून राहिल्याने स्नायू आणखी अशक्त होतात.

व्यायाम : खरा टिकाऊ उपाय हाच. पण गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून पुष्कळजण मध्येच सोडतात.

रोज दहा मिनिटे

१. ताठ बसून दोन्ही फरे मागे एकमेकांजवळ आणा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा.
२. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून एक पाऊल पुढे टाका. छाती ताणली जाईल. वीस आकडे मोजा. तीन वेळा.
३. भिंतीला पाठ व डोके टेकून दोन्ही हात भिंतीवरून वर सरकवा. दहा वेळा.

थोडी ओढ बसली तर चालेल. कळ आली किंवा हाताला मुंग्या आल्या तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

शेतातील बदल

पंप अर्धाच भरा. एक खेप वाढेल, पण पाठ वाचेल. पट्टे रुंद व आखूड ठेवा, म्हणजे पंप पाठीला चिकटून राहील. जमेल तेथे खुरप्याऐवजी उभ्याने चालवायचे सायकल कोळपे वापरा. दर अर्ध्या तासाला उठून खांदे मागे फिरवा. घरातील ओझी एकाच बाईच्या डोक्यावर न टाकता वाटून घ्या.

सहा आठवडे हे नेटाने करूनही फरक पडला नाही, तर बसवकल्याणच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढील तपासणीसाठी बीदरचे ब्रिम्स किंवा कलबुर्गीचे जिम्स रुग्णालय आहे. जाताना जुने कागद आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्या. कोणी लगेच ऑपरेशन सांगितले आणि पायांत अशक्तपणा वगैरे वरची लक्षणे नसतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय जनावर किंवा जमीन विकायला काढू नका.