मोडून पाहणारे यंत्र

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला सदर्क स्ट्रीटवर 99 क्रमांकाची एक जुनी विटांची इमारत आहे. तिच्या दारावर दगडात कोरलेल्या वाक्याचा अर्थ असा : इथे वस्तुस्थिती मिळेल, मते नाहीत. आत तळमजल्यावर डेव्हिड किर्काल्डी यांचे यंत्र आडवे पसरले आहे. लांबी सुमारे 47 फूट, वजन शंभर टनांहून अधिक. लोखंडाचा गज, साखळीची कडी, पुलाचा खांब, जे कोणी आणून देईल ते ताणून, दाबून, वाकवून किंवा पिळून मोडायचे आणि मोडताना त्याने किती भार सोसला ते लिहून द्यायचे, एवढेच या यंत्राचे काम. त्यासाठी ते दहा लाख पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 450 टन जोर लावू शकत असे.

त्याची रचना मला फार आवडते. एका टोकाला पाण्याच्या दाबावर चालणारा दट्ट्या आहे, तो नमुना ओढतो. पण ओढ किती बसली हे त्या पाण्याच्या दाबावरून ठरवायचे नाही, कारण दट्ट्याच्या घर्षणात थोडा जोर खर्ची पडतो आणि आकडा फुगतो. म्हणून नमुन्याच्या दुसऱ्या टोकाला तरफांची वेगळी मांडणी केलेली आहे. ओढ त्या तरफांवरून एका लांब दांडीपर्यंत पोहोचते आणि वखारीतल्या काट्यासारखे दांडीवर वजन सरकवून ती तोलली जाते. ओढणारा वेगळा, तोलणारा वेगळा. यंत्राच्या आकड्यावर विश्वास बसायचा तो यामुळे.

किर्काल्डी 1820 साली स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ जन्मले. ग्लासगोला रॉबर्ट नेपियर यांच्या कारखान्यात ते नोकरीला होते. तिथे जहाजे आणि बॉयलर बनत. त्यासाठी घडीव लोखंड घ्यावे की पोलाद, हा प्रश्न तिथे उभा राहिला. 1858 पासून तीन वर्षे किर्काल्डी नमुन्यामागून नमुना तोडत राहिले आणि 1862 मध्ये त्यांनी निष्कर्ष ग्रंथरूपाने छापले. मग नोकरी सोडून स्वतःच्या पैशाने त्यांनी लीड्सच्या ग्रीनवुड अँड बॅटलीकडून हे यंत्र करून घेतले. 1 जानेवारी 1866 रोजी सदर्कमध्येच दुसऱ्या जागी काम सुरू झाले आणि 1874 मध्ये ते आजच्या इमारतीत आले. लोखंड विकणारा, घेणारा, पूल बांधणारा, कोणीही फी भरावी आणि निकाल घेऊन जावा. कारखानदाराच्या शब्दावर माल खपण्याच्या त्या काळात अशी तटस्थ जागा असणे ही मोठी गोष्ट होती.

पण त्यांचे खरे मोठेपण मला दुसरीकडे दिसते. गज किती भाराला तुटला, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तुटण्याआधी तो किती लांबला आणि तुटल्या जागी किती बारीक झाला, हेही त्यांनी मोजले. आपल्याकडे पॉलिटेक्निकमध्ये यूटीएम या चाचणी-यंत्रावर सळई तुटताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. भाराचा काटा सरळ चढत जातो, मग एका जागी अडखळतो. सळईवरची काळी खपली तडकून गळू लागते. काटा पुन्हा चढतो, सर्वात वर जातो आणि मग सळई मध्येच एका ठिकाणी कंबरेसारखी आवळते. काटा उतरत असतानाच धाडकन आवाज होतो. तुकडे हातात घेतले तर तुटलेली टोके गरम लागतात. एक टोक वाटीसारखे खोलगट, दुसरे तिच्यात बसेल असे निमुळते. ठिसूळ पोलाद यातले काहीच दाखवत नाही. तेवढाच भार सोसते आणि न लांबता, न आवळता सपाट तुटते. भाराचा आकडा दोघांचा सारखा असला, तरी पुलासाठी मी पहिलेच घेईन.

त्या काळी आणखी एक समज पक्का होता. वापरून वापरून लोखंडाचे तंतू जातात आणि त्याचे स्फटिक होतात, म्हणून आगगाडीचे आस मोडतात, असे जाणकारही मानत. एकाच लोखंडाचा गज सावकाश ओढला तर तुटलेला भाग तंतुमय दिसतो आणि झटक्याने तोडला तर स्फटिकमय, हे किर्काल्डींनी दाखवले. म्हणजे नुसते तुटलेले तोंड पाहून लोखंड बदलले असे म्हणता येत नाही. ते कसे तुटले हेही विचारावे लागते.

28 डिसेंबर 1879 च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा पूल आगगाडीसह कोसळला आणि सुमारे 75 माणसे गेली. चौकशीसाठी पुलाचे भाग किर्काल्डींकडे आले. खांबांना वाऱ्याविरुद्ध बांधून धरणाऱ्या पट्ट्या ज्या बिडाच्या कानांत अडकवल्या होत्या, ते कान अपेक्षेच्या निम्माही भार घेईनात. बोल्टची भोके ओतकामातच पाडलेली, त्यामुळे निमुळती होती. बोल्ट पूर्ण टेकण्याऐवजी एका कडेवरच टेकत होता. सगळा ताण त्या कडेवर. हिशेब कागदावर करताना भोकाचा उतार कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

मात्र एकदाच ओढून मोडण्याने एक गोष्ट कळत नाही. आगगाडीच्या आसाचा प्रत्येक कण चाकाच्या एका फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. भार तोडण्याइतका कधीच नसतो, तरीही लाखो फेऱ्यांनंतर आस मोडतो. प्रशियात ऑगस्ट व्होलर या अभियंत्यांनी नेमके असे आस फिरवत ठेवून हा थकवा मोजला. इथे कंबर आवळत नाही. एका कोपऱ्यातून निघालेला बारीक तडा रोज थोडा सरकतो. विमानाचे कवचही असेच थकते : कॉमेट या प्रवासी विमानाच्या अपघातांनंतर 1954 मध्ये फार्नबरोला एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला. आधीची खरी उड्डाणे धरून 3,057 फेऱ्यांना त्याचे कवच फाटले.

किर्काल्डी घराण्याच्या तीन पिढ्यांनी हे काम केले. 1974 मध्ये काम थांबले आणि 1983 पासून तिथे संग्रहालय आहे. पण किर्काल्डींनी मोजलेले ते लांबणे आजही टिकून आहे : बांधकामाच्या सळईसोबत येणाऱ्या आपल्या प्रमाणपत्रात भाराशेजारी लांबण्याच्या टक्केवारीचा रकाना असतो. भारतीय मानकानुसार एफई 500 सळई किमान 12 टक्के लांबली पाहिजे, 500 डी किमान 16 टक्के. घर बांधणारे बहुतेकजण फक्त ताकदीचा 500 हा आकडा पाहतात. भूकंपात खांब डुलू लागला की मात्र हा दुसरा रकानाच कामाला येतो.