पाण्यात बुडालेल्या गाडीचे पैसे मिळतात का? ‘फुल इन्शुरन्स’मध्ये नेमकं काय असतं?

जुलै महिना. रात्रभर पाऊस कोसळलाय. सकाळी खाली उतरून बघता तर पार्किंगमध्ये गाडी सीटपर्यंत पाण्यात. दुपारी पाणी ओसरतं आणि आपण सगळ्यात आधी काय करतो? चावी फिरवून बघतो, चालू होतेय का.

तिथेच घोडं पेंड खातं.

इंजिनमध्ये पाणी शिरलेलं असेल तर पिस्टन अडतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिक याला ‘हायड्रो लॉक’ म्हणतात. पुरामुळे सीट, वायरिंग खराब झालं तर कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत त्याची भरपाई मिळते. पण बुडालेली गाडी चालू करायला गेल्यामुळे इंजिन गेलं, तर कंपनी म्हणते की हे पुराचं नाही, तुमच्या चावीचं नुकसान आहे. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं ॲड-ऑन लागतं. ते नसेल तर इंजिनाचं बिल बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातं.

“पण माझा तर फुल इन्शुरन्स आहे!” असं आपण सगळेच म्हणतो. गंमत अशी की ‘फुल’ नावाची कुठलीही पॉलिसी नसते.

कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार तो नसेल तर पहिल्यांदा २ हजार आणि दुसऱ्यांदा ४ हजार रुपये दंड होतो, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला किंवा कोणी जखमी झालं तर भरपाई किती, ते न्यायाधिकरण ठरवतं, तिथे वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीला? एक रुपयाही नाही. गाडी चोरीला गेली तरी नाही.

आपल्या गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ भाग घ्यावा लागतो. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र आले की ती कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी. नवी कार घेताना एक गोची होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, पण ओन डॅमेज बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. लोक कागदावर तीन वर्षं वाचतात आणि निवांत होतात. दुसऱ्या वर्षी गाडी ठोकली की कळतं, अर्धा विमा कधीच संपला होता.

आता क्लेम मंजूर झाला तरी सगळे पैसे मिळतात का? नाही. समजा १२ हजारांचा प्लास्टिकचा बंपर फुटला. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्यावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे ६ हजार गेले. वर १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे १ हजार रुपये स्वतः भरावेच लागतात. हातात उरले ५ हजार. ‘झिरो डेप’ ॲड-ऑन असेल तर ते ६ हजार वाचतात, मात्र हजार रुपये तरीही भरायचेच. गाडी नवी असताना हे ॲड-ऑन घ्यावंच, असं आमचं मत.

पॉलिसीवर आयडीव्ही असा एक आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर जास्तीत जास्त तेवढेच पैसे मिळतात. ८ लाखांच्या गाडीला दोन वर्षं पूर्ण होऊन तिसरं चालू असेल तर ३० टक्के घसारा वजा होऊन आयडीव्ही ५ लाख ६० हजार. दुरुस्तीचा खर्च याच्या ७५ टक्क्यांच्या वर, म्हणजे ४ लाख २० हजारांपुढे गेला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. प्रीमियम कमी दिसावा म्हणून एजंट हा आकडा खाली आणत असेल तर लगेच खूश होऊ नका.

आणि छोट्या ओरखड्यासाठी क्लेम करावा का? सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो. म्हणजे ३ हजारांच्या डेंटिंगसाठी पुढच्या वर्षी ५ हजार जास्त भरायची वेळ येऊ शकते. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे गाडी विकून नवी घेतली तरी तो सोबत नेता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, तर मात्र तो गेला.

पाण्यात बुडालेल्या गाडीकडे परत येऊ. चावीला हात लावू नका, बॅटरीची वायर मेकॅनिककडून काढून घ्या. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या. सर्व्हेअरने पाहण्याआधी ती खोलू देऊ नका.