गडचिरोलीचं लाल रान

उपग्रहानं टिपलेलं आलापल्लीचं जंगल पहिल्यांदा पाहणारा हमखास दचकतो. सगळं रान लालभडक! वणवा लागला की काय? छे, रान मजेत आहे. जिथं लाल गडद, तिथं पानोळा दाट.

हा लाल येतो कुठून? उपग्रहातला कॅमेरा एकाच जागेची अनेक चित्रं घेतो आणि गंमत म्हणजे प्रत्येक चित्र कृष्णधवल असतं. एकात फक्त हिरवा प्रकाश मोजलेला, दुसऱ्यात तांबडा, तिसऱ्यात अवरक्त, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा.

आता सागाच्या पानात डोकवा. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश गिळतं, थोडा हिरवा परत फेकतं. म्हणून पान हिरवं. पण अवरक्त? पानाच्या पोटात पेशी आणि हवेच्या पोकळ्यांची स्पंजासारखी जाळी असते. तिच्यावर आदळून जवळजवळ निम्मा अवरक्त प्रकाश माघारी उसळतो. ज्या प्रकाशात पान सर्वाधिक झळाळतं, नेमका तोच आपल्याला दिसत नाही!

मग तो दाखवायचा कसा? संगणकाच्या पडद्यावर खुर्च्या तीनच: लाल, हिरवी, निळी. अवरक्ताला लाल खुर्चीवर बसवायचं, तांबड्याला हिरव्या, हिरव्याला निळ्या. झालं, रान पेटलं! पाणी मात्र अवरक्त पिऊन टाकतं. म्हणून शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातला ताडोब्याचा तलाव, इरई धरण, अगदी गावातले मामा (माजी मालगुजारी) तलावसुद्धा काळेशार दिसतात. चंद्रपूरच्या कोळसा खाणींपाशी लाल एकदम तुटतो.

मला सर्वांत भावतं ते एप्रिलचं चित्र. साग पानं झाडून मोकळा झालेला असतो, नोव्हेंबरचा गडद लाल फिका पडलेला असतो. पण नाल्यांच्या काठानं अर्जुन आणि जांभूळ पानं धरून उभे असतात. फिकट रानातून लाल शिरा वळत जातात. आटलेल्या नाल्याखाली ओल कुठं आहे, हे झाडंच आकाशाला सांगतात!

भारतीय वन सर्वेक्षणाचा 1987 मधला पहिला वनस्थिती अहवाल लँडसॅट उपग्रहांच्या अशाच चित्रांवरून तयार झाला. पुढं इस्रोच्या उपग्रहांची चित्रं आली. त्यांतल्या लिस-3 कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 23.5 मीटरचा चौकोन. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे, हे कळतं ते अशाच ठिपक्यांमधून.

युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह दर 5 दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि त्यांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. आपलं गाव शोधा, नोव्हेंबर आणि एप्रिल शेजारी ठेवा आणि लाल कुठं टिकलाय ते बघा.