रात्री दोन वाजता गाव कसे दिसते?

दिवाळी आटोपली आणि थंडी पडू लागली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात काही मंडळी अशी येतात, ज्यांना काहीच झालेले नसते. मागच्या हिवाळ्यात भिलाईहून असेच एक जोडपे आले होते. साहेब नुकतेच निवृत्त झालेले, बाईंना मधुमेह. रामाचे दर्शन घेऊन गडावरून उतरले आणि रक्तदाब मोजून घ्यायच्या निमित्ताने माझ्यापुढे बसले. खिंडसी तलावाच्या बाजूच्या एका प्लॉटचे फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवले. "डॉक्टरसाहेब, मुलगा हैदराबादला, मुलगी अमेरिकेत. आम्ही म्हटले, आता आपल्या मुलखात येऊन राहावे. इथली हवा चांगली आहे ना?"

हवा चांगलीच आहे. डिसेंबरातल्या रामटेकला नावे ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण मी त्यांना उलट प्रश्न विचारला, "हा प्लॉट तुम्ही रात्री दोन वाजता पाहिला आहे का?"

दोघेही हसले. मी मात्र गंभीरपणे विचारले होते.

आपल्या भागात परप्रांतातून येऊन स्थिरावणारे सगळेच परके नसतात. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. जबलपूर, रायपूर, बिलासपूर ही तेव्हा आपल्याच प्रांतातली गावे. नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी घरे राज्यांच्या सीमा बदलल्यावरही तिथेच राहिली. त्यांची मुले पुढे बेंगळुरू-हैदराबादकडे गेली. आता म्हातारपणी आजोळची, नाहीतर सासरची ओढ लागते आणि नजर नागपूरच्या आसपासच्या खेड्यांकडे वळते. शहराजवळ, तरी शांत. डोंगर, तलाव, पेंचचे जंगल आणि मनसरवरून जाणारा मोठा रस्ता. जमीन पाहताना मंडळी सातबारा पाहतात, शेतजमीन आहे की अकृषक ते पाहतात, वकिलाला विचारतात. हे सगळे केलेच पाहिजे. पण डॉक्टरला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते सहसा घर बांधून झाल्यावर विचारले जातात.

दूधवाल्याचा नंबर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जबलपूरहून आलेले असेच एक कुटुंब. गावाबाहेर ऐसपैस घर, भोवती कंपाउंड, शेजार नाही. शांतता हवी म्हणूनच तर आले होते. ऑगस्टच्या एका रात्री वीज गेली म्हणून घरातल्या बाई खाली फरशीवर चटई टाकून झोपल्या. पहाटे तीनच्या सुमारास पोटात कळ येऊन जाग आली. दोघांनाही वाटले, पित्त झाले असेल. पाणी, ओवा, गोळी यांत अर्धा तास गेला. मग त्यांच्या पापण्या जड होऊ लागल्या आणि बोलणे अडखळू लागले.

तो मण्यार होता. मण्यार रात्री फिरतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक की बहुधा कळतही नाही. सूज नाही, आग नाही. नुसते पोट दुखते, मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

यजमानांच्या मोबाइलमध्ये जबलपूर, पुणे, सिंगापूर इथले सगळे नंबर होते. गावातला एकच नंबर होता, दूधवाल्याचा. त्याला फोन लागला. तो पिकअप घेऊन दहा मिनिटांत आला आणि कुणी 'आधी झाडफूक करून घेऊ' म्हणायच्या आत थेट रुग्णालयाकडे निघाला. बाई पोहोचल्या तेव्हा श्वास उथळ झाला होता. सर्पविषावरील प्रतिविष सुरू केले, श्वासनलिकेत नळी घातली आणि हाताने फुगा दाबत रुग्णवाहिकेतून त्यांना नागपूरला पाठवले. काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून त्या चालत घरी परतल्या. आणखी अर्धा तास गेला असता तर मला ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली नसती.

खेड्यात राहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिले सांगतो. पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा. डासांसाठी तर ती हवीच, सापासाठीही तितकीच उपयोगी आहे. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट विसरू नका. साप चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला भाग हलू न देता सरळ रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून आणण्यात वेळ घालवायचे कारण नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

"नागपूर फक्त पन्नास किलोमीटर," असे जाहिरातीत लिहिलेले असते. रामटेकपासून ते साधारण खरेही आहे. पण गाव आणखी आत असेल तर तो रस्ता वेगळा मोजावा लागतो. शिवाय १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, जी महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे, ती आधी तुमच्यापर्यंत येते आणि मग तुम्हाला घेऊन जाते. म्हणजे अंतर दोनदा मोजायचे.

हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांत दिले तर हृदयाचा स्नायू वाचतो. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. मेंदूच्या झटक्यात हा अवधी साडेचार तासांचा असतो, आणि औषध देण्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणून नुसता दवाखाना किती दूर, एवढे विचारून भागत नाही. ईसीजी कुठे निघतो, चोवीस तास डॉक्टर कुठे असतो, सीटी स्कॅन कुठे आहे, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स आहेत, ही या भागाची मोठी जमेची बाजू. पण तिथवर पोहोचायचे आहे.

यावर माझा साधा उपाय असा: ज्या गावात राहायचे आहे तिथून एकदा रात्री गाडी काढा आणि सर्वांत जवळच्या, रात्री उघड्या असलेल्या सरकारी रुग्णालयापर्यंत जाऊन या. किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. वाटेत मोबाइलची रेंज कुठे जाते ते पाहा. देवलापारकडच्या जंगलपट्ट्यात हे विशेष पाहावे लागेल. आणि वाटेत नाल्यावर रपटा असेल तर गावकऱ्यांना विचारा, "पावसाळ्यात यावरून किती वेळा पाणी जाते जी?" मग ते तास तुमच्या मिनिटांत मिळवा. कुणाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागत असेल, तर हा हिशेब सगळ्यांत आधी.

गोड पाणी म्हणजे चांगले पाणी नव्हे

"बोअरचे पाणी एकदम गोड आहे," असे विकणारा सांगतो. पाण्यातले नायट्रेट, फ्लोराइड किंवा मँगनीज जिभेला कळेलच असे नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एक लिटरमागे नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. फ्लोराइड १ पर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम. मँगनीज ०.१ पर्यंत, फार तर ०.३. आणि विष्ठेतून येणारे ई-कोलाय जिवाणू १०० मिलिलिटर पाण्यात एकही नकोत.

आपल्याकडे संत्र्याच्या बागा आणि भरपूर खत घातलेली शेते आहेत, तिथे नायट्रेट पाहायला हवे. ते जास्त असेल तर वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला सर्वाधिक धोका. सुट्टीत नातवंड येणार असेल तर हे लक्षात ठेवा. मनसर-कांद्रीचा पट्टा मँगनीजच्या खाणींचा. खाण जवळ आहे म्हणजे पाणी वाईटच, असे मुळीच नाही, पण तपासून घ्यायला काय हरकत? आणि एक गैरसमज: पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट-फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते तसे ते दाट होते.

जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. ग्रामपंचायतीत चौकशी केली तर नमुना कसा द्यायचा ते कळते. व्यवहार करण्यापूर्वी एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस आणि एकदा पावसाळ्यात तपासा. विहीर मे महिन्यात आटते का, हेही तेव्हाच कळेल.

मे आणि ऑगस्ट

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथे पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या शरीराला विदर्भाचा मे महिना म्हणजे परदेशच. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शरीर उष्णतेला सरावायला एक-दोन आठवडे घेते, साठीनंतर हे जुळवून घेणे आणखी अवघड होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले आणि ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर गेला तर तो उष्माघात. रुग्णालयात नेण्याची तयारी होईपर्यंत अंगावर पाणी टाकून वारा घालत राहा.

भिलाईच्या बाईंना मी इन्शुलिनबद्दल विचारले. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. गावात दुपारची वीज किती तास जाते, हा त्यांच्यासाठी थेट औषधाचा प्रश्न होता. वीज गेलीच तर ओल्या मडक्यात, पाण्याचा स्पर्श होणार नाही अशा डब्यात कुपी ठेवणे हा गावाकडचा चांगला उपाय आहे, पण तो अडीअडचणीपुरताच.

मग येतो पावसाळा. सगळ्यांना वाघाची भीती वाटते. माझ्या वॉर्डात मात्र डास, कुत्रा आणि गोचिडीच्या जातीचा एक सूक्ष्म कीटक यांचेच रुग्ण असतात. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली होती, ती या कीटकामुळेच. गवतात, झुडपांत तो असतो. जोराचा ताप, डोकेदुखी, आणि कुठे तरी काखेत किंवा जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली. डॉक्सिसायक्लिन हे जुने आणि स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रुग्ण लवकर बरा होतो, उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे गोत्यात येतात. म्हणून घराभोवतीचे गवत छाटलेले असू द्या. ताप आला की "मी गवतात काम केले होते" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि ठरलेले सगळे डोस पूर्ण करा.

कागदपत्रे आजारापूर्वी

ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. त्यासाठी तुम्ही कुठल्या राज्यातून आलात हे आम्ही पाहत नाही. पण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ हवा, तर महाराष्ट्राचे रेशन कार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र लागते. जुन्या राज्यातले कार्ड इथे चालेल असे गृहीत धरून लोक येतात आणि ऐन वेळी धावपळ होते. आयुष्मान कार्ड मात्र राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयांतही चालते. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता ते मिळते. खासगी विमा असेल तर त्यांच्या यादीतले जवळचे रुग्णालय कोणते, हे सामान हलवण्यापूर्वी विचारून घ्या. जुन्या डॉक्टरांकडून आजारांचा सारांश आणि औषधांची नावे लिहून आणा.

आल्यावर पहिल्या आठवड्यात आशाताई, आरोग्यसेविका, पोलीस पाटील आणि रात्री गाडी काढू शकेल असा एक माणूस, या चौघांचे नंबर घेऊन ते कागदावर लिहून भिंतीवर लावा. घर गावठाणापासून किती लांब असावे, असे मला कुणी विचारले तर मी म्हणतो, हाक ऐकू जाईल इतके.

भिलाईच्या जोडप्याने त्या दिवशी इसार दिला नाही. रामटेकमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन त्यांनी एप्रिल-मे काढला आणि जूनमध्ये पाण्याचा अहवाल घेऊन मला भेटायला आले. तलावाकाठचा प्लॉट त्यांनी सोडला होता. बाईंना ती जागा अजूनही आवडते, तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आता ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावातच, वस्तीमधले एक जुने घर पाहत आहेत. खिडकीतून तलाव दिसत नाही. "पण समोरच्या घरी जीप आहे," साहेब म्हणाले, "आणि ते काका रात्री उशिरापर्यंत जागे असतात. आम्ही विचारून आलो."