टिलर जड का लागतो? सुकाणूकडून निदानाचा एक धडा

मांडव्याला शिडाच्या छोट्या कॅटामरान चालवायला मिळतात. खांदा कॉलनीतून पहाटे निघायचं, पेणमार्गे पोचायचं आणि दुपारचा वारा धरायचा, असा आमचा शनिवार. मागच्या हंगामात आमच्या बोटीचा टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, इतका ओढ घ्यायला लागला की वीस मिनिटांत खांदा भरून यायचा. एकदा तर वळण अर्ध्यात फसलं आणि बोट वाऱ्याकडे तोंड करून फेरीच्या वाटेतच उभी राहिली. फेरीचा भोंगा वाजला तेव्हा घाम फुटला.

सगळ्यांचं निदान एकच: डोलकाठी फार मागे झुकलीय. दोन शनिवार ती पुढे-मागे करण्यात गेले. फरक शून्य. आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला!

'जड' म्हणजे नेमकं काय?

इथे आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत होतो.

पहिली गोष्ट कोन. बोट सरळ ठेवायला सुकाणू किती अंश वळवून धरावं लागतं? हे शिडांवरचा दाब आणि पाण्यातल्या अंगाचा विरोध यांच्या तोलावर ठरतं. डोलकाठी मागे झुकली की शिडांच्या दाबाचा मध्य मागे सरकतो आणि बोट वाऱ्याकडे वळू पाहते.

दुसरी गोष्ट जोर. पातं ज्या अक्षावर फिरतं, त्याच्या जितकं मागे पाण्याचा दाब पडतो, तितका दांडा जड. समजा पातं 60 सेंमी खोल आहे आणि दाबाचा मध्य 30 सेंमीवर, अक्षाच्या 2 सेंमी मागे आहे. पातं फक्त 5 अंश मागे उचललं गेलं तर तो मध्य आणखी सुमारे 2.6 सेंमी मागे जातो. पाण्याचा दाब तोच, पण हाताला लागणारा जोर दुपटीहून जास्त! ही पाती वाळूवर वर उचलता यावीत म्हणून बिजागरीवर असतात. खाली पक्की अडकली नाहीत, तर वेगात हळूच मागे सरकतात.

तीन तपासण्या

1. टिलर जड असताना मागे वळून पाहा. पातं जवळजवळ सरळ असेल तर दोष पात्याच्या बसण्यात शोधा. बरंच वळलेलं असेल तर डोलकाठी आणि शिडांकडे जा.

2. वारा आधी डावीकडून, मग उजवीकडून घेऊन बघा. कॅटामरानला दोन अंगं, प्रत्येकाला एक सुकाणू. वाऱ्याच्या पलीकडचं अंग पाण्यात दाबलं जातं, त्यामुळे त्या बाजूच्या सुकाणूवर जास्त भार येतो.

3. किनाऱ्यावर दोन्ही पात्यांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मोजा, मग मागच्या कडांमधलं. दोन्ही जवळपास सारखी हवीत. नसतील तर जोडदांडीची लांबी बदला. पाती हलवून ढिलेपणा पाहा. एखाद्या अंगात पाणी शिरलंय का, तेही बघा.

आमच्या बोटीत वारा उजवीकडून असतानाच टिलर जड लागायचा. म्हणजे दोष डाव्या सुकाणूत. त्याची अडकवणी झिजली होती आणि स्प्रिंग सैल होती. झिजलेला भाग बदलला, स्प्रिंग आवळली, काम झालं. अर्धवट उचललेल्या पात्याला वळणात पकड मिळत नव्हती, म्हणून ते वळणही फसलं होतं.

गंमत म्हणजे हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. डोलकाठी बोटीच्या मध्यावर असते. तिचा दोष दोन्ही बाजूंना सारखाच दिसला असता!

छोटी बोट निदान वाळूवर ओढता येते. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांसह पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या, गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'ला 2018 मध्ये सुकाणू यंत्रणेतल्या बिघाडामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावं लागलं होतं.

प्रयोगशाळेत याचा उपयोग

सिग्नल 'खराब' येतोय, असं वहीत लिहू नका. सरासरी सरकलीय की गोंगाट वाढलाय, ते वेगळं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि काहीही उघडण्याआधी एक प्रश्न विचारा: हा दोष कुठल्या परिस्थितीत *दिसत नाही*? आमचे दोन शनिवार हा प्रश्न न विचारल्यामुळेच वाया गेले.