'डू'ने घातलेला खोडा

एप्रिल २००१. कॅलिफोर्नियात डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी सर्व्हरकडून ब्राउझरला माहितीची एक चिठ्ठी धाडली. ब्राउझरला ती वाचताच येईना. चिठ्ठीतल्या एका नोंदीचं नाव होतं 'डू', आणि ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेत तो राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेला. असे राखीव शब्द पुष्कळ. त्यांची यादी लोकांच्या माथी मारण्यापेक्षा क्रॉकफर्डने सरसकट नियम केला: प्रत्येक नाव दुहेरी अवतरणचिन्हांतच लिहायचं. त्या चिठ्ठीचा साचा म्हणजेच आजचा जेसन, अर्थात जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट नोटेशन. नावात जावास्क्रिप्ट असली तरी पायथॉनपासून जावापर्यंत सगळ्या भाषांना तो वाचता येतो.

भाजीवाल्याच्या पाटीइतका तो साधा आहे:

{"भाजी": "मेथी", "भाव": "२०", "दिवस": ["सोम", "गुरू"]}

महिरपी कंसात नाव-किमतीच्या जोड्या, चौकटी कंसात ओळीने यादी. किंमत मजकूर असेल, संख्या असेल, खरं-खोटं असेल, 'काहीच नाही' असेल, नाहीतर आत आणखी एक कंस. संपलं व्याकरण! मात्र वरचा २० अवतरणात आहे, म्हणून संगणकाच्या लेखी तो मजकूर. अवतरण काढलंत तर सगळी चिठ्ठीच बाद, कारण जेसनच्या संख्येला देवनागरी आकडे चालत नाहीत.

शेवटच्या जोडीनंतर चुकून राहिलेला स्वल्पविरामही चालत नाही. नवशिक्यांचे तासन् तास यातच जातात. टिपा लिहायची सोय क्रॉकफर्डने मुद्दाम काढून टाकली. लोक टिपांमधून प्रोग्रामला छुप्या सूचना देऊ लागले होते. हा कडकपणा मला पटतो. तारखेसाठी वेगळा प्रकार न ठेवणं मात्र पटत नाही: ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे ज्याचं त्याने ठरवून घ्यायचं.

खरी मेख मोठ्या संख्यांत आहे. जेसनमध्ये संख्येच्या लांबीला मर्यादा नाही, पण वाचणाऱ्याला असते. जावास्क्रिप्टचा नेहमीचा हिशेब ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच चोख. त्यात एक मिळवून पाठवा. जावास्क्रिप्ट पुन्हा ९९२ वरच संपणारी संख्या वाचते, आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. ट्वीटचे क्रमांक या मर्यादेपलीकडे जाणार हे दिसताच ट्विटरने २०१० मध्ये प्रत्येक क्रमांक दोनदा द्यायला सुरुवात केली: एकदा संख्या म्हणून आणि एकदा अवतरणचिन्हांत.