घरबसल्या जीवशास्त्र



जानेफळमध्ये मी आदिवासी मुलांचा अभ्यास घेतो. बारावीनंतर ज्यांना रोज महाविद्यालयात जाणे जमत नाही, त्यांना केंद्र सरकारचे ‘स्वयं’ हे व्यासपीठ उपयोगी पडते. ९ जुलै २०१७ रोजी ते सुरू झाले. जीवशास्त्राचे प्राथमिक अभ्यासक्रम तेथे मोफत शिकता येतात. शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला, आणि ती केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

इंग्रजी जड जाते, म्हणून पेशी, पेशीभित्तिका, केंद्रक हे आम्ही आधी मराठीत समजून घेतो, मग व्हिडिओ लावतो. पण कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून पेशी स्वतः पाहायची, तर सूक्ष्मदर्शक यंत्रच हवे. ते आमच्याकडे नाही. एका यंत्रासाठी आपण हातभार लावावा, ही नम्र विनंती.